पोकळ फळी आणि जुने गुडघे

नमन त्या अनंताला, ज्यानं अवघं आकाश आतून पोकळ केलं आणि कुठं एक सांधा दिसू दिला नाही! पटाशी नाही, सरस नाही, खुर्चीत बसून सल्ले देणारा मेहुणा नाही... म्हणून तर जमलं त्याला! नाहीतर आम्ही. हे हात बघा. बघा, बघा, लाजू नका. बोटांची पेरं आहेत की घासून उरलेले साबणाचे तुकडे? आणि हे सगळं कशापायी, तर एका फळीपायी. लाटेवर उभं राहायची फळी हो, सर्फबोर्ड म्हणतात तिला. या वयात माणसानं जपमाळ ओढावी, मी रंधा ओढत होतो!

आता तुम्ही विचाराल, कुणी सांगितलं होतं? मलाही हेच विचारायचं होतं, पण विचारणार कुणाला? सांगणारी समोर उभी. आमची मंडळी. डॉक्टरांनी तिला सांगितलं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील, पावसाळ्याआधी उरकून घ्या. कुणीही बाई घाबरली असती. ही घरी आली, पदर खोचला आणि म्हणाली, "अहो, नवे गुडघे बसवायच्या आधी या जुन्यांना एकदा लाटेवर उभं करायचंय. जन्मभर ओट्यापाशी उभे राहिलेत बिचारे. एकदा तरी नाचू द्या त्यांना!"

माझी भाची लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवते. तिच्याकडं फळ्यांची रास आहे. मी म्हटलं, तिच्याकडची एखादी घेऊ. तर मंडळी म्हणते कशी, "बाजारातली नको. तुम्ही हातानं केलेली हवी. आजवर माझ्यासाठी हातानं काय केलंत ते सांगा!"

मी विचार केला. फार विचार केला. शेवटी म्हटलं, "नळ दुरुस्त केले."

"लोकांचे!" ती म्हणाली.

खोटं नाही. उभी नोकरी पाणीखात्यात गेली. गावची गळती मी बुजवली आणि आमच्या स्वयंपाकघरातला नळ लग्नापासून टप... टप... टप. त्याच्या तालावर आमचा संसार चालला आहे. म्हटलं, करतो.

लाकूड आलं. बाल्सा म्हणतात त्याला. तुम्हाला सांगतो, एवढी मोठी फळी, मी कंबर कसून, देवाचं नाव घेऊन उचलायला गेलो आणि मागच्या मागे पडलो, इतकी हलकी! जणू पुण्यवंताचं ओझं. मला वाटलं, सुटलो, आठवड्यात होईल. तेव्हा काय ठाऊक? लाकूड हलकं हो, काम जड!

भाचीनं सांगितलेली रीत ऐका. फळ्या शेजारी शेजारी लावायच्या आणि चार ठिकाणी सरसाचे ठिपके देऊन जोडायच्या. मग रंध्यानं आकार द्यायचा, टोकाला निमुळता, कडेला गोल. छान आकार आला की, आता मन घट्ट करा, सगळं परत सुटं करायचं! का? तर प्रत्येक फळीचं पोट कोरायचं. कोरून झालं की पुन्हा जोडायचं! म्हणजे आधी जोडा, मग तोडा, मग कोरा, मग परत जोडा... अहो, प्रपंच याहून वेगळा काय असतो?

मी भाचीला म्हटलं, "अगं, मुळातच एवढं हलकं लाकूड, त्याला आणखी पोकळ कशाला?"

"मामा, मामीला पाण्यात स्वतः उचलता आलं पाहिजे ना? आतून जितकं रितं, तितकं वर तरंगतं."

अहो, हेच तर मी जन्मभर सांगत आलो! देवापुढं बसून चार माणसांना सांगायचो, बाबांनो, मीपणा कोरून काढा, आतून रिते व्हा, म्हणजे तराल. लोक माना डोलवायचे. पण तेव्हा हातात पटाशी कुणी दिली नव्हती! कोरणं म्हणजे काय ते आता कळलं. कमी कोरलं तर जड, जास्त कोरलं तर आरपार. दिव्यासमोर धरलं की लाकडाच्या भिंतीतून लालसर उजेड झिरपला पाहिजे, तेवढंच पातळ. एकदा धरलं तर उजेड झिरपेना, चक्क दिवाच दिसला! ठिगळ लावलं. पुन्हा कोरलं. घरभर भुसा. आमटीत भुसा, अंथरुणात भुसा, देवाच्या डोळ्यांत भुसा. मी शिंकलो की ढग उठायचा!

आणि नाजूक किती म्हणता? नखाचा ओरखडा राहतो. आमचा मेहुणा, मंडळींचा धाकटा भाऊ, रोज येणार, मोबाइलवर कुणीतरी परदेशी माणूस फळी करताना बघणार आणि मला सांगणार, "भाऊजी, तो बघा कसा झरझर करतो! तुमचा हातच चालत नाही." आणि चहाचा कप ठेवला कुठं? फळीवर! गोल ठसा. अजून आहे. मंडळी म्हणाली, "असू द्या, चंद्र दिसतो." मी ठेवला असता तर ग्रहण दिसलं असतं!

पण खोटं कशाला बोलू, एकदा उपयोगी पडला. शेवटची जोडणी होती. दाबून धरायला शिकंजे अपुरे. ट्रंक ठेवली, पाटा ठेवला, तरी मधला सांधा उघडाच. मंडळींनी भावाकडं पाहिलं. "ये रे, बस इथं." बसला! सरस वाळेपर्यंत दुपारभर बसला. जेवणही तिथंच. जन्मभर त्याचा भार आम्ही सोसला, त्या दिवशी पहिल्यांदा तो कामी आला. लाकूड हलकं हो, काम जड... आणि मेहुणा त्याहून जड!

तर फळी झाली. काय सांगू! अशी गुळगुळीत, वाटावं नुकतंच न्हाऊ घातलेलं बाळ. मी हात फिरवतोय, फिरवतोय... आणि शेपटाकडं बोटाला काय लागावं? भोक! पाण्यात जायच्या वस्तूला भोक! ज्यानं जन्मभर भोकं बुजवली त्याच्याच घरात! माझं रक्त तापलं. म्हटलं, मेहुण्याचंच काम. सरसात भुसा कालवला, भोक भरलं, वर घासून असं लपवलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेवाला सापडू नये. फळी अंगणात उन्हात ठेवली आणि समाधानानं देवापुढं बसलो. डोळे मिटले. चित्त स्थिर झालं. आणि...

फाट्ट!

मला वाटलं, साक्षात्कार! धावत बाहेर आलो. कडेचा सांधा वीतभर उसवला होता.

तेवढ्यात आलेली भाची कपाळाला हात लावून म्हणाली, "मामा! ते भोक मी मुद्दाम पाडलं होतं! आत हवा कोंडलेली असते, ऊन लागलं की फुगते, तिला वाट नको? बाहेर असताना उघडं ठेवायचं, पाण्यात जाताना बूच लावायचं. मी तुमच्या मेहुण्यांना सांगून ठेवलं होतं तुम्हाला सांगा म्हणून!"

मेहुणा म्हणाला, "मी सांगणारच होतो. भाऊजी देवापुढं बसले होते."

मंडळींनी फाटलेल्या सांध्यावरून नुसता हात फिरवला आणि गुडघा धरून पायरीवर बसली. डॉक्टरांनी दिलेला दिवस तोंडावर आला होता. "राहू दे हो," म्हणाली. "डोळ्यांनी तर बघितली ना." तुम्हाला सांगतो, ती ओरडली असती तर सोसलं असतं. तिचं ते 'राहू दे' काळजात पटाशीसारखं गेलं. मी उठलो. सांधा साफ केला, सरस भरला, दोर आवळले, आणि मेहुण्याला म्हटलं, "बस!" तोही मुकाट्यानं बसला. लाकूड हलकं हो...

शेवटी निघालो सगळे समुद्रावर, मेहुणाही. दवाखान्यात जायच्या आदल्या सकाळी. वाटेत मी मनाशी एकच घोकत होतो, भोक उघडं, भोक उघडं, हवेला वाट. धडा शिकलो होतो ना! कंबरेएवढ्या पाण्यात भाचीनं फळी धरली, मंडळी वर पालथी झोपली, आणि भाची ओरडली, "मामा, बूच लावलंत ना?"

बूच माझ्या खिशात होतं!

आता काय करणार? लाट आलीच होती. फळी पाणी प्यायला लागली, गट गट गट... मी डोळे मिटले. आणि ऐकतो तर भाची ओरडतेय, "मामी! उभ्या राहा! फळी हलत नाहीये, उभ्या राहा!" अहो, पोटात पाणी गेलं तशी ती अवखळ फळी जडशीळ, शांत झाली. बाल्साच तो, बुडतो कुठला! आणि मंडळी उठली. आधी एक गुडघा, मग दुसरा... आणि उभी! हात पसरून! लाट फार मोठी नव्हती, पण तिच्यापुरती होती. किनाऱ्यापर्यंत उभी आली. मेहुणा रडत होता. मी? मला काही दिसलं नाही, डोळ्यांत खारं पाणी गेलं होतं. समुद्राचंच असणार.

ती बाहेर आली. चिंब भिजलेली, धापा टाकत, नव्या नवरीसारखी हसत. माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता दोन शब्द बोलेल. बोलली.

"अहो, हाताला काम लागलंच आहे, तर मी दवाखान्यातून येईपर्यंत तो स्वयंपाकघरातला नळ तेवढा बघून टाका."

आणि ती पाण्यानं भरलेली फळी उचलून कुणी आणली गाडीपर्यंत? आता लाकूडही जड हो, आणि कामही!

असो. ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचं तो अनंत कल्याण करो. तुमच्या घरच्या माउलींचे गुडघे शाबूत राहोत, तुमचे सांधे न उसवोत, मेहुणे वेळेवर निरोप देवोत, आणि बूच कधी लावायचं, कधी काढायचं, एवढी बुद्धी घरातल्या एकाला तरी मिळो. येतो मी. नळ टपकतोय.