वीस मिनिटांचा फोन

नाताळच्या दुसऱ्या दिवशी वार्ना शहरातल्या बसथांब्यावर माझ्यामागे मॉर्मन पंथाचे दोन तरुण प्रचारक उभे होते. एक अमेरिकन, एक पोलिश. कोटांवर काळे बिल्ले.

“झेम्बा, तोंड का पाडलंयस? वर्षातून दोनदाच घरी फोन करायला मिळतो, काल केलास की.”

“तू ऐकत बसला होतास.”

“मग जाऊ कुठे? जोडीदाराला एकटं सोडायचं नाही, नियमच आहे. वीस मिनिटं नुसता खिदळत होतास. तुझं पोलिश मला कुठं कळतंय!”

“पलीकडे कुणी नव्हतं, टोलमन.”

“म्हणजे?”

“माझा आवाज ऐकला आणि आईनं फोन ठेवला. मी हा पंथ घेतल्यापासून असंच चाललंय.”

“अरे, पण तिनं मला आशीर्वाद दिला म्हणालास!”

“तू आशेनं बघत होतास. काहीतरी सांगायला नको?”

“...पुढच्या वर्षी बोलेल रे.”

“नाताळच्या जेवणाला आमच्याकडे एक ताट जास्तीचं मांडतात. वाट चुकून दारात आलेल्या अनोळखी माणसासाठी.”

“मग ते तुझंच समज की.”

“मी कुठं अनोळखी आहे?”