साडूच्या गाडीमागचा रॅक

...आणि वर मलाच विचारतात, "अहो, तुमचा चेहरा असा का पडलाय?" आता तुम्हीच सांगा, चेहरा काय मी मुद्दाम पाडतो? बरं, पडला तर पडू दे की, माझा आहे, कुठेही पडेल. पण नाही, बायकोचं निदान तयार, "भाऊजींचा रॅक बघितलात ना, म्हणून." भाऊजी तिचे, माझा साडू, तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आणि रॅक म्हणजे गाडीच्या मागे सायकली अडकवायचा तो लोखंडी सांगाडा. मी सांगाड्यावर जळू? तुम्हाला सांगतो, जळणं माझ्या स्वभावातच नाही.

आता साडूने फोर बाय फोर घेतली, दगडधोंड्यांतून जाणारी, उंच, दांडगी, मग मीही घेतली. त्याने घेतली म्हणून नाही हं. माझ्या मनात आधीपासून होतं, फक्त त्याची गाडी दारात उभी राहिली तेव्हा मनाला ते आठवलं. रंगसुद्धा वेगळा घेतला. त्याची हिरवी, माझी जरा जास्त हिरवी.

तर मागच्या खेपेला दोन्ही घरं मिळून तळ्यावर सायकली चालवायला निघालो. साडूच्या दारापर्यंत माझ्या सायकली गाडीच्या आत, सीट पाडून कोंबलेल्या, एक हँडल माझ्या मानेत, चेनचं काळं बायकोच्या नव्या कुर्त्याला, आणि कुठलीतरी घंटी प्रत्येक खड्ड्याला आपणहून वाजतेय... आणि साडू? त्याने आपल्या सायकली रॅकवर उभ्या केल्या, पट्टे आवळले, हात झटकले. झटकायची काही गरज नव्हती, स्वच्छच होते. आणि मग तो त्याचा आवाज, लोण्यात बुडवून काढलेला, "अरे, तिची सायकल दे इकडे, जागा आहे." झालं. सायकल गेली त्याच्या गाडीला आणि सायकलीमागोमाग बायको, "मी ताईशी गप्पा मारत येते हं, सायकलवर लक्षही राहील." आणि मी एकटा मागे. अख्खा रस्ता समोर काय, तर साडूच्या रॅकवर माझ्या बायकोची सायकल, आणि तिचं चाक वाऱ्याने आपलं गरागरा फिरतंय, मला चिडवत. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी ती सायकल माझ्या गाडीमागे आणि ती माझ्या शेजारी. एवढंच मागणं. हे काय जळणं झालं?

पण रॅक निवडणं म्हणजे काय चेष्टा आहे का हो? एक प्रकार टांगायचा, सायकलच्या वरच्या दांड्याला धरून. बायकोच्या सायकलला वरचा दांडाच नाही. टांगणार कशाला, घंटीला? दुसरा ट्रेचा, त्यात चाकं खोबणीत उभी राहतात, पण आमच्या गाडीची स्टेपनी मागच्या दाराला, बाहेर आलेली, माझ्या पोटासारखी, तेव्हा रॅक तिच्यापासून लांब हवा, आणि फार लांब गेला की चढाला लागताना मागून जमिनीला घासणार. बरं, तो लावला की मागचं दार उघडत नाही, म्हणजे पाण्याची बाटली हवी तर आधी सायकली उतरवा. साडूचा रॅक खाली झुकतो, मग दार अर्धं उघडतं, आणि हा त्या फटीतून हात घालून ऐटीत थर्मास काढतो. मला असा हवा होता जो दारासारखा अख्खा बाजूला फिरेल. "तुमचा झुकतो का? अरे वा. आमचा फिरतो." हे वाक्य मी आरशासमोर म्हणूनसुद्धा बघितलं. चांगलं वाटत होतं.

तुम्ही म्हणाल, साडूलाच का नाही विचारलं, त्याच्या गाडीमागे वाकून का नाही बघितलं, तो रॅक बसतो तरी कशात? वाकून? त्याच्या गाडीमागे? आणि तेवढ्यात तो बाहेर आला असता म्हणजे? "काय रे, आवडला का?" नको. जळणं स्वभावात नसलं तरी माणसाला कणा असतो.

दुकानात गेलो. दुकानदार माणूस चांगला, पण बोलायची एक तऱ्हा. त्याच्या तोंडात 'चार'मधला च आणि 'चोर'मधला च एकच, सगळे दाताखालून निघालेले. मी तो फिरता रॅक पसंत केला, मोबाइलवर माझ्या गाडीचा फोटो दाखवला. तो फोटोकडे बघतो आणि विचारतो, "हीच आहे ना, साहेब?"

म्हटलं, "हो, हीच."

"नक्की?"

"अहो, माझी गाडी मी ओळखणार नाही का?"

"तसं नाही, लोक घेऊन जातात आणि नंतर म्हणतात, हीच नाही. मग परत घेत नाही आपण."

मला हसू आलं. म्हटलं, कसले एकेक लोक असतात, स्वतःची गाडी कुठली ते धड माहीत नाही. छातीठोक सांगितलं, "हीच आहे. लिहून देऊ?"

रविवारी परत तळ्यावर जायचं होतं, म्हणून शनिवारी सकाळीच अंगणात रॅक काढला. त्याचा चौकोनी दांडा गाडीच्या बंपरखाली एका चौकोनी भोकात सरकवायचा, पिन घालायची, संपलं. मी वाकलो. मग बसलो. मग आडवा झालो. बायको चहा घेऊन आली, "काय हरवलंय?"

म्हटलं, "भोक."

रॅकबरोबर आलेला कागद तिनेच वाचला. "अहो, ह्यात लिहिलंय, गाडीला आधी हिच बसवलेली असावी. हिच म्हणजे खालचा तो चौकोनी नळा. आपल्याला आहे का हिच?" आणि मला, तिथे, गाडीखाली, पाठीवर पडल्या पडल्या, तो दुकानदार ऐकू यायला लागला. हीच आहे ना? हीच आहे ना? अरे बाबा, तू गाडी नव्हतास विचारत, तू हिच विचारत होतास. तुझा एक च जागेवर असता तर माझा रविवार वाचला असता.

रविवारी साडू आला. बघितलं, समजला, हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. म्हणाला, "वा, फिरणारा घेतलास? माझ्यापेक्षा सरस आहे रे. आण, माझ्या गाडीला हिच आहे." आणि स्वतःचा काढून माझा लावला. असा बसला, असा बसला, जसा काही तिथेच जन्मला. चौघांच्या सायकली त्याच्यावर, बायको ताईशेजारी, आणि मी? मी मागे. ह्या वेळी माझ्याच रॅकवर माझ्याच बायकोच्या सायकलचं चाक, गरागरा.

पेट्रोल पंपावर थांबलो. साडूने रॅक बाजूला फिरवला, मागचं दार सताड उघडलं, थर्मास काढला. पंपावरचा माणूस बघतच राहिला, "साहेब, रॅक जबरदस्त. तुम्ही निवडलात?" आणि साडू काय म्हणाला असेल? "नाही हो, आमच्या धाकट्या साडूने. पारख त्याची." मोठ्याने. सगळ्यांसमोर. मला क्षणभर, खोटं कशाला सांगू, भरून आलं. म्हटलं, बायकोने ऐकलं असेल. ऐकलंच होतं. धावत माझ्या खिडकीशी आली, डोळ्यांत पाणी...

"बघितलंत? भाऊजींचं मन किती मोठं आहे."

आणि गेली परत, ताईकडे. आता सांगा, माणसाने करायचं काय? मी जळत नाहीच आहे, पण समजा जळायचं ठरवलंच, तर हा माणूस कुठे काडी लावायलासुद्धा जागा ठेवत नाही.

तेवढ्यात तो पंपवाला माझ्याकडे आला, मान वाकडी करून माझ्या गाडीच्या मागे बघितलं, पुढच्या गाडीकडे बघितलं, आणि गोंधळून विचारतो, "म्हणजे साहेब, रॅक तुमचा... मग तुमची गाडी ती पुढची?"

म्हटलं, "नाही हो. माझी हीच. बिनहिचची."