एकाच माणसाचा दगड

(यॉर्कशरमधल्या एका खेड्यातलं चर्च. आतल्या खोलीत एनिड आणि चर्चचा कारभारी विल्फ.)

एनिड : आणि हे अक्षर तुझंच, विल्फ. दगडावर कोरायला मी लिहून दिलं होतं ‘धन्य तो माणूस’. मंजुरीच्या कागदावर झालं ‘धन्य ते लोक’. माझ्या नवऱ्याच्या थडग्यात किती जणांना झोपवतोयस?

विल्फ : अगं, स्तोत्र तेच आहे, दुर्जनांच्या सल्ल्यानं न चालणाऱ्याचं. नव्या इंग्रजी भाषांतरात सगळं अनेकवचनी केलंय. बायकांनाही वाटा मिळावा म्हणून.

एनिड : बायकांचा कळवळा? तुला? चाळीस वर्षं इथल्या कपबश्या मी विसळतेय. एकदा तरी फडकं हातात घेतलंस?

विल्फ : पाळकबाईंना नवंच भाषांतर लागतं. नाहीतर सही करत नाहीत त्या.

एनिड : सकाळीच फोन केला त्यांना. म्हणाल्या, जुनं चालेल, नवं चालेल. विल्फनं आणलं त्यावर मी सही केली.

विल्फ : ...चहा टाकू?

एनिड : नको. दगड कुठं बसणार?

विल्फ : दाराशी. तुला ठाऊक आहे.

एनिड : म्हणजे दर रविवारी आत शिरताना तुला वाचावा लागणार.

विल्फ : मला एकट्यालाच का? सगळ्यांनाच.

एनिड : आलास ना वळणावर! ऑर्गन वाजवणाऱ्या रोवीनाला लग्नाआधी दिवस गेले, म्हणून काढून टाकलंत तिला. सभेत बारा जण, अकरा हात वर. माझ्या क्लेमेंटचा तेवढा मांडीवर. आता तो गेल्यावर ‘ते लोक’ होऊन त्याच्या दगडात घुसताय?

विल्फ : मनातून मी त्याच्याच बाजूचा होतो गं.

एनिड : मनातले हात कुणी मोजत नाही.

विल्फ : बरं बाई. हे बघ, खोडलं. ‘तो माणूस.’ पाथरवट गुरुवारी येतोय. झालं समाधान?

एनिड : शेजारी सही कर. तुझा भरवसा नाही.

विल्फ : केली. पण त्या सभेची टिपणं मीच लिहिली होती, एनिड. अकरावा हात कुणाचा, तेही आहे त्यात.

एनिड : माहीत आहे मला.

विल्फ : मग ‘ते लोक’ तुलाही बरं पडलं असतं. मला वाटलं...

एनिड : त्या दिवशी घरी जाताना तो चकार शब्द बोलला नाही. दार मात्र रोजच्यासारखं माझ्यासाठी उघडून धरलं. ...खाली माझं नाव येईल ना, विल्फ, तेव्हाही ती ओळ बदलू देऊ नकोस.