हे बनून झालं का येतो न्यायले

—नाई नाई मामाजी, बंद नाई करता येत, अर्ध्यावर तोडलं तं सारं बिघडते. बसा तुमी. रिठदहून आले, पानी तं प्या! पोरीच्या बापाले जावयाच्या दारी यावं लागलं, लोकं काय म्हनतीन — असं मंजुषा बोलली असन. बोलू द्या. मी न्यायले येत नाई असं म्हनलो का कधी? राखीले गेली, दिवाळी आली, हौ, मान्य हाय. नवरा न्यायले आल्याबिगर पाऊल टाकत नाई म्हने. बरोबर हाय तिचं, रीतच हाय ते. पन हे बनून झालं का येतो, असं फोनवर सांगतलंच ना मी तिले!

काय बनून राह्यलं? अवो, कम्प्युटरातले प्रोग्राम! सारं मंगरूळपीर तयार प्रोग्राम टाकते — दुकानातलं आयतं पीठ! मी टाकलेल्या या लिनक्स सिस्टिमीत तसं नाई. नुसता कच्चा कोड येते, गहू म्हना, अन् दळाचं आपल्याच मशीनवर. एक बदलला का त्याच्यावर टेकलेले सारे पुन्हा दळा. लोकं म्हनतात विनोद येडा झाला. म्हना म्हनलं, आयतखाऊ कुठचे! गिऱ्हाईक? येतात ना आपल्या कम्प्युटरच्या दुकानात — म्हंजे, येत होते. जरा थांबा म्हनलं का हरीओमच्या दुकानात पळतात. पळू द्या, बला टळली! अन् फायदा कसा, पायजे तेच ठेवाचं, फालतू काढून टाकाचं — मशीन हलकी. मी मराठी काढली. हौ, अक्षरं, टायपिंग, सारं. कायले पायजे? इथं मराठी टाईप करते कोन? मंजुषाच तं करत होती, लोकायचे अर्ज-बिर्ज. ती गेल्यावर कोन… अवो, तिच्यावरच्या रागानं नाई काढली, उगी भलतं समजू नका! आली का पुन्हा टाकतो. टाकाले काय, सारं पुन्हा बनवा लागन, बस. मले काय तिची आठवन येत नाई? घर खायले उठते मामाजी, खरं सांगतो.

उठले काहून? चहा तं घ्या. बाहेर टेम्पो कोनाचा हाय? तुमीच आनला? कायले — कपाट? तिचं कपाट? कपडे, शिलाई मशीन, सारंच? मंजुषानंच सांगतलं?

न्या मंग. मागच्या खोलीत हाय. फक्त… या वायरवर पाय नका देऊ. चालू हाय अजून.