सारिकाची भिंत आणि तात्यांचा बिबट्या

चहा घे आदी, मग सांगते. आमच्या सुनंनं, सारिकानं, इंदापूरच्या चिखलातल्या शर्यतीत नाव दिलं. पळायचं, चिखलातनं रांगायचं, भिंतीवरनं पलीकडं जायचं. जन्मात कदी पळाली न्हाय ती! पण समद्या मैतरणींना सांगून बसलेली.

उसाला पाणी चालू हुतं, म्हणून सकाळची ती सरीतनं रांगायची. रांगणं जमलं, पण आमच्या गोठ्याची भिंत काय चढता येईना. लोंबकळायची आन् धपकन खाली यायची. रडकुंडीला आली. "आत्याबाई, नाव मागं घिते. बाया हसतील मला."

"उद्या एकदा बघ, मग घी," मी म्हणलं.

दुसऱ्या दिवशी ती चिखलानं माखून रांगत हुती. तेवढ्यात शेजारचं तात्या बांधावर आलं. त्यांना उसातनं नुसती हलती पाठ दिसली. तात्या बोंबललं, "बिबट्या! उसात बिबट्या शिरलाय! पळा!"

हिला काय ठावं, तात्या तिलाच बिबट्या म्हणत्यात! उठली ती सुटलीच. तात्या एकीकडं, ही दुसरीकडं. मधी भिंत आली, तशी एका दमात पलीकडं, म्हशीपुढच्या वैरणीत!

"आत्याबाई, कुठाय बिबट्या?" धापा टाकत इचारती.

"वैरणीत बसलाय की!"

मग शर्यतीला आमी तात्यांनाबी न्हेलं. भिंतीपाशी हुबं करून म्हणलं, "तात्या, ती आली की वरडा."

तात्या वरडलं. सारिका तर गेलीच, पण तिच्या आदी शिट्टीवाला पंच भिंतीपलीकडं!