लमायच्या फ्रिजमधला थाऽन

नाव लमाय चूकेओ, वय ५४, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार कालव्यामागची गल्ली, हाट याय, दक्षिण थायलंड.

मी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन सांगते की, विद्यापीठातले पहारेकरी थविन हे माझे पती. प्रयोगशाळेतली काळ्या पुडीची बरणी चोरल्याच्या संशयावरून ते कालपासून आपल्या कोठडीत आहेत. त्यांनी चोरी केलेली नाही. त्यांना साधी थाप मारता येत नाही, चोरी कुठली जमणार.

आमच्या भाषेत थाऽन म्हणजे कोळसा, आणि घड्याळात घालतात तो सेलही थाऽनच. प्राध्यापिका रविवन यांनी पतीला फोनवर सांगितले, "काका, खालच्या कप्प्यातला जुना थाऽन टाकून द्या." त्यांना संपलेले सेल म्हणायचे होते. पतीने कप्पा उघडला तर समोर बरणी, आत काळी पूड, वर चिठ्ठी 'थाऽन'. चांगला कोळसा कचऱ्यात कशाला, म्हणून त्यांनी तो घरी आणला. वास जावा म्हणून आमच्याकडे फ्रिजमध्ये कोळसा ठेवतातच. मी पुरचुंडी बांधून ताय-प्लाच्या, म्हणजे आंबवलेल्या माशांच्या आतड्यांच्या, डब्याशेजारी ठेवली. सकाळी वास गायब. मला वाटले, डबाच कोणी नेला.

आज मीच बाईंना घरी बोलावले. त्यांचे म्हणणे, हा साधा कोळसा नव्हे. केसाहून हजारो पट बारीक अशा कार्बनच्या नळ्या, त्यांवर वाळूच्या जातीचे कवच, आणि कवचाला वास धरून ठेवणारे सेंद्रिय रेणू जोडलेले. कोळंबीच्या कारखान्यांतला वास घालवायला बाई कित्येक वर्षे त्यामागे खपल्या आहेत.

मी विचारले, "मग बरणीवर थाऽन कुणी लिहिलं?"

"मीच, मावशी. सगळं नाव मावेना."

मग त्यांनी फ्रिजमध्ये डोके घातले ते बाहेर काढीनात. "प्रयोगशाळेत माझ्या चाचणीच्या डबीत हे इतकं कधी चाललं नव्हतं हो!"

"तुमच्या डबीत ताय-प्ला होती का?"

बाई तक्रार मागे घ्यायला बाहेर बाकावर बसल्या आहेत. हवालदार म्हणतात फ्रिज मुद्देमाल आहे, बाई म्हणतात तो प्रयोगाला हवा. आतली माझी ओली मासळी सडेल, याची कोणाला पर्वा नाही. काल सवयीने मी दोघांचा भात लावला. एकटीला तो गिळवला नाही. फ्रिज ठेवायचा तर ठेवा, माणूस मात्र आजच घरी सोडावा, ही विनंती.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. फक्त 'विनंती' हा शब्द त्यांचा.