बिनसाइडचा गरुड

मंडळी, आज एकच सवाल! लढाईत समोरच्याला चकवलं — तर तो डाव, की पाप? हं? सांगा की! मघाशी चपला ठेवायच्या जागेवरून भांडताना मात्र सगळ्यांना कंठ फुटला होता!

बरं, ऐका. पाटणचे धोंडीराम चाळके — नाना! एकतीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली, कुंभार्ली घाटातून, पाटण ते चिपळूण. कुणाला साधं खरचटलं नाही! आणि निवृत्त झाल्यावर हा माणूस काय चालवतो? विमान! ...हसू नका हो! संगणकावर! कानाला हेडफोन, हातात दांडा, पडद्यावर आभाळ. चार जण इकडचे, चार तिकडचे, कोण कुठल्या गावात बसलेला. शेवटी ज्याचं विमान उरेल त्याचं पथक जिंकलं.

म्हातारपणी कशाला हे, असं वाटलं ना? सांगतो. नानांचे गुडघे गेले. मुलं लांब. ओट्यावर गप्पांना कुणी येईना. पण दर रविवारी दुपारी चारला कानात आवाज यायचा — "नाना, आलात का?" — की म्हातारा फुलायचा! आठवडाभर त्या एका हाकेची वाट बघायचा बिचारा.

हाक मारणारी कोण? प्रणाली. पथकाची म्होरकी. नाशिकला दातांची डॉक्टर! दिवसभर लोकांचे दात उपटायचे, रविवारी विमानं पाडायची!

पण नानांना एक खोड. घाटाचा नियम काय? चढणाऱ्या गाडीला आधी वाट! आणि आभाळातला? बरोबर उलटा! वर असेल त्याच्या हातात वेग, खालून येणारा धापा टाकत चढतो — तेव्हाच त्याच्यावर झडप घालायची. सूर्य पाठीशी घेऊन उतरायचं, त्याचे डोळे दिपले पाहिजेत. यात लबाडी नाही, सगळे तेच करतात. पण नाना? खालून शत्रू चढताना दिसला की हात आपोआप डावीकडे! विमान कडेला! वर दिवा लावून — "जावा, जावा!"

तीन रविवार हेच! शत्रू आरामात वर जायचा, वळायचा आणि नानांना पाडायचा. चौथ्या रविवारी प्रणाली म्हणाली, "नाना, राग मानू नका, पण बाकीचे दोघं ऐकत नाहीत. आज वाट दिलीत, तर पुढच्या रविवारी तुमच्या जागी दुसरा."

नानांनी हेडफोन सरकवून ते घरात सांगितलं. शेजारी हौसाबाई, त्यांची मंडळी, पावटे सोलत होत्या. म्हणाल्या, "आवं, तुमी घाटात न्हाई, घरात हाय! मारा की त्येला!"

"व्हय गं," नाना म्हणाले, "पर हाताला कोन सांगनार?"

त्या दिवशी समोर कोण होता? काळा गरुड! नाव स्वतःच ठेवलेलं, बरं का! काय त्याचा पराक्रम! दुसऱ्यांच्या धावपट्टीवर घिरट्या घालायच्या, आणि चाक उचलायच्या आत विमान फोडायचं. पंगतीत पहिला घास घेणाऱ्याचं ताट ओढावं, तसं! प्रणालीला त्यानं तसंच पाडलं. बाकीचेही एकमेकांना घेऊन पडले. उरले दोघं — नाना आणि गरुड.

नाना वर. सूर्य पाठीशी. गरुड खालून चढतोय, धापा टाकत! कानात प्रणाली ओरडते, "नाना, उतरा! मारा!" नाना उतरले... बोट चापावर... आणि — हात डावीकडे! दिवा लागला! "जावा, जावा!"

"नानाऽऽ!" मंडळी, नाशिकहून आलेली ती किंकाळी पाटणच्या गल्लीत ऐकू गेली!

गरुड वर गेला, वळला, मागं लागला. धाड धाड धाड! पंखाला भोकं! आता मागून कुणी घाई केली, तर घाटातला माणूस काय करतो? वेग कमी करतो, कडेला घेतो. नानांनी तेच केलं! आणि गरुड? एवढ्या जोरात आला, की थांबताच येईना — सुईऽऽ करून पुढं! थेट नानांच्या बंदुकीसमोर!

"नाना, काय डाव टाकलात! मारा आता!"

पण नानांचं बोट अडलं. साइड दिलेल्या माणसाला मागून ठोकायचं? एकतीस वर्षांत नाही केलं! पण नाही मारलं, तर रविवारची हाक गेली! मग त्यांनी ते बटण दाबलं, ज्यानं शत्रूलाही ऐकू जातं.

"ओ गरुडराव! म्या साइड दिली म्हनून फुडं गेलासा, का बिनसाइडचं?"

गरुड गोंधळला. "कसली साइड? मी तुम्हाला मारायला आलो होतो!"

"म्हंजे साइड न घेता घुसलासा?"

"अं... हो."

"मग चूक तुमची!" — धाड धाड धाड! गरुड खाली!

मंडळी, मिळालं उत्तर? समोरच्याच्या डोळ्याला चकवलं, तर डाव. त्यानं टाकलेल्या विश्वासाला चकवलं, तर पाप. नाना चापावर बोट ठेवूनसुद्धा एवढं विचारून घेतात!

प्रणाली हसून हसून रडली. म्हणाली, "नाना, पुढच्या रविवारी चार वाजता. उशीर नको!"

तुम्ही म्हणाल, बुवा, त्या गरुडाला पाठीमागे किती बोललात! पाठीमागे नाही हो. तो इथंच उभा आहे — गळ्यात उपरणं घालून! रविवारी दुपारी बुवा झोपतात, असं वाटत होतं ना तुम्हाला?

मी नानांना फोन करून माफी मागितली. म्हणाले, "माफी ऱ्हाऊ द्या. फुडच्या टायमाला हॉर्न द्या!" म्हटलं, नाना, एकदा कीर्तनाला आमच्या टेकडीवरच्या देवळात या. आज आलेत. ते बघा, खांबाला टेकून बसलेत. बहात्तर पायऱ्या चढून आले, त्या गुडघ्यांनी! मी वरून बघत होतो. तुमच्यातले पंचवीसएक जण तेव्हा चपला ठेवायला खाली चालले होते, हातात फोन घेऊन. आणि एकतीस वर्षं सगळ्यांना वाट देणारा माणूस भिंतीला चिकटून उभा होता.

आरती झाली की उतराल. खालून कोण चढतंय, तेवढं बघा. आता उचला टाळ, आणि म्हणा विठ्ठल!